मुलांच्या हाती किल्ली द्या, मग हिशेब मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा भरते. यंदा फळ्यावर विषय लिहिला होता ‘विश्वासू कारभारी’. गाणी झाली, चित्रे रंगवून झाली, वचने पाठ झाली आणि शेवटच्या दिवशी पाठांतराला कंपासपेट्यांची बक्षिसेही वाटली गेली. विश्वासू राहा, विश्वासू राहा असे मुलांच्या कानीकपाळी ओरडून झाले, पण विश्वासाने सांभाळावी अशी एकही वस्तू त्या सगळ्या दिवसांत कुणाच्या हवाली केली गेली नाही. खडू कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. चटया मोजून ठेवणारी मोठी माणसे, खाऊ वाटणारी मोठी माणसे, कंपासपेट्यांचे बिल सांभाळणारीही मोठीच. मुलांच्या वाट्याला फक्त वचन. हे पत्र ख्रिस्ती आईबापांना उद्देशून असले तरी बाकीच्यांनी पान उलटू नये, कारण किल्ल्या सगळ्याच घरांत मोठ्यांच्या कमरेला असतात.

मी एसटीत वाहक होतो. निवृत्त झाल्यापासून रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबल-शिक्षणाच्या शाळेत, मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. वाहकाच्या नोकरीतली एक गोष्ट बऱ्याच प्रवाशांना ठाऊक नसते. गाडीवर जाण्याआधी आपल्या खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते वेबिलावर, म्हणजे त्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावे लागते. चहापाण्याला म्हणून बायकोने पन्नास दिले असतील तर ते पन्नास. वाटेत तपासणीवाले चढले की तिकिटे, वेबिल आणि बॅगेतली रोकड जुळवून बघतात. रोकड कमी भरली तर वाहक अडकतो हे कुणालाही समजेल. ती जास्त भरली तरी अडकतो. नोकरीला नव्याने लागलेल्या पोरांना याचे नवल वाटायचे. म्हणायची, महामंडळाचा फायदाच झाला की! पण जास्तीचा पैसा आभाळातून पडत नाही. एक तर कुणाकडून पैसे घेऊन तिकीट दिलेले नसते, नाहीतर कवठेमहांकाळला उतरलेल्या म्हातारीचे सुटे बॅगेतच राहिलेले असतात. तिकिटामागे लिहून दिलेले सुटे मागायला सगळेच धजत नाहीत. काही विसरतात, काहींना दोन रुपयांसाठी तोंड उघडायची लाज वाटते. त्या दोन-दोन रुपयांवर माणसाची किती परीक्षा होते, ते बॅग खांद्याला अडकवल्याशिवाय कळत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत आमच्याकडच्या मुलांना तोंडपाठ असतो. परदेशी निघालेला धनी आपली मालमत्ता तीन चाकरांकडे सोपवतो. एकाला पाच हजार, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. प्रवचनात सगळा भर त्या तिसऱ्यावर. आळशी म्हणून दरवर्षी त्याला झोडपले जाते. मला त्या धन्याकडे बघावेसे वाटते. त्याने आधी दिले, कुणाला किती झेपेल ते ओळखून दिले आणि देऊन तो निघून गेला. उंबऱ्यात बसून ‘अरे, असे नको, तसे कर’ म्हणत राहिला नाही. बऱ्याच काळाने परत आल्यावर मात्र त्याने चोख हिशेब घेतला. आपल्या घरांत उलटे चालते. द्यायचे नाही, दिले तर पाठ सोडायची नाही, आणि हिशेबाची वेळ आली की ‘जाऊ दे, लहान आहे’.

मिरजेचीच गोष्ट घ्या. सतारमेकर गल्लीचे हे गाव. इथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावात एका मंडळीची बाजाची पेटी कित्येक महिने मखमली कापडाखाली कुलूपबंद होती, कारण काय तर ‘पोरं पट्ट्या मोडतात’. किल्ली ज्या पंचांकडे, ते मुलाकडे पुण्याला. पावसाळ्यानंतर उघडली तर चार पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहायच्या आणि भात्याला उंदरांनी भोक पाडलेले. पोरांनी वाजवली असती तर एखादी पट्टी मोडली असती, नाही असे नाही. पण ती दुरुस्त करणारी माणसे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्या तिसऱ्या चाकरावर तावातावाने बोलणारे आम्ही सगळे त्या मखमलीकडे बघत बघतच बोलत होतो. आता ती पेटी आठवीतल्या दोन मुली सांभाळतात. पुसायचे फडके, डांबराच्या गोळ्या आणि किल्ली, तिन्ही त्यांच्याकडे. एक पट्टी त्यांच्या हातून खरेच मोडली. त्यांनीच येऊन सांगितले आणि नीट करून आणली, पैसे मंडळीने दिले.

हल्ली मूल आईचा मोबाईल घेऊन दुकानात जाते, स्कॅन करते, पिशवी घेऊन येते. सोय आहे, तक्रार नाही. पण पूर्वी शंभराची नोट घेऊन गेलेल्या पोराला परत आल्यावर सुटे पैसे आईच्या तळहातावर मोजून ठेवावे लागत. त्यातल्या दोन रुपयांची गोळी खाल्ली तर ती घरी जाऊन सांगायची की गिळून टाकायची, हे दुकान ते घर एवढ्या रस्त्यात त्याचे त्यालाच ठरवावे लागे. आता त्या रस्त्यावर मुलाच्या हातात दुसऱ्याचे काहीच नसते. म्हणून वर्गातल्या पालकांना माझे सांगणे असते, की आठवड्यातून निदान पावाचे किंवा दुधाचे पैसे रोख द्या आणि परतीचे मागून घ्या. रागावून नको, संशयाने नको. डेपोतला कॅशियर जसा रोज न चिडता मोजून घेतो तसे.

आमच्याकडे दिवाळीच्या मागेपुढे सुगीची उपासना असते. लोक शेतातले पहिले पीक देवापुढे आणतात. ऊस, भुईमुगाच्या शेंगा, केळीचा घड, हळद, कुणी गावठी कोंबडा. उपासनेनंतर त्या सगळ्याचा मांडवात लिलाव होतो. साठाचा नारळ हसत-खेळत दीडशेला जातो, कोंबड्यावर दोन सोयरे इरेला पेटतात, त्याची गंमत लिहायला वेगळे पत्र लागेल. तर त्या लिलावाचे टेबल मी मुलांकडे द्यायला लावले. सहावी ते नववीची पोरे. एक बोली लिहून घेणार, एक पैसे घेणार, एक सुटे देणार आणि पत्र्याच्या पेटीजवळ एकीने बसायचे, तिने पैशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. मोठ्या माणसांनी टेबलापासून लांब राहायचे. यावर कुरकुर झाली. ‘वर्षाचं उत्पन्न पोरांच्या हातात?’ मी म्हटले, पोरांच्या हातात नाही, वहीत.

शेवटी मोजदाद झाली आणि पोरांनी एकच गलका केला. ‘काका, चाळीस रुपये जास्त आले!’ टाळ्यासुद्धा पडल्या. सगळ्यांना खाली बसवले आणि विचारले, चाळीस कुणाचे? मंडळीचे, म्हणाली. मंडळीचे असते तर वहीत असते की. मग वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कुणी काय घेतले, कुणी कितीची नोट दिली, हे आठवून आठवून भांडण. अर्धा तास गेला, माझाही धीर सुटत आला होता. शेवटी सुटे देणाऱ्या पोराला आठवले, कोपऱ्यावरच्या आजीने साठाच्या शेंगांना शंभराची नोट दिली होती आणि तेवढ्यात कोंबडा सुटला होता. तो पोरगा सायकलवर चाळीस रुपये घेऊन आजीकडे गेला. आजीच्या तर ध्यानीमनीही नव्हते. ‘असू दे रे, देवाच्या पेटीत टाक,’ म्हणाली. यावर सातवीतल्या त्या पोराने काय सांगावे? ‘आजी, आधी हातात घ्या. मग तुम्हाला द्यायचे असले तर रविवारी तुम्ही द्या.’ हे त्याला मी शिकवले नव्हते. आजी रविवारी आली आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकून गेली. चाळीस की पन्नास, कुणी बघितले नाही, बघायचेही नसते.

उसन्या वस्तूंचे तर विचारूच नका. जुन्या करारात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांची गोष्ट आहे. राहती जागा अपुरी पडते म्हणून ते यार्देन नदीच्या काठी लाकडे तोडायला जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडते आणि तो ओरडतो, ‘अरेरे, स्वामी, ती तर उसनी आणली होती!’ अलीशा काटकी तोडून पाण्यात टाकतो आणि लोखंड वर तरंगते. मुलांना लोखंड तरंगल्याची मजा वाटते, वाटायलाच हवी. पण त्या माणसाचे ओरडणे बघा. हातातले काम थांबले किंवा कुऱ्हाड महाग होती, असे काही तो म्हणत नाही. दुसऱ्याची आहे, एवढेच त्याच्या तोंडून येते.

ही गोष्ट झाल्यावर वर्गाला घरचा अभ्यास दिला. स्वयंपाकघरात जा आणि ज्यांच्यावर दुसऱ्याचे नाव कोरलेले आहे अशी स्टीलची भांडी शोधा. आहेरातली सोडून. पुढच्या रविवारी काय तो बाजार भरला! लोणच्याचे डबे, पुरणाचे पातेले, एक तर चक्क कुणाच्या तरी साखरपुड्यातले पंचपाळे. दोन घरांत एकमेकींचे डबे निघाले, म्हणजे हिशेब तसा चुकता, तरी बायका ओशाळल्याच. शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवू नये ही आपली जुनी रीत. डब्यात घालायला काही नाही म्हणून डबाच ठेवून घेणे ही नवी. मुलांनी साखर, शेंगदाणे, जे हाताला लागले ते घालून डबे पोचवले. सायकली, छत्र्या आणि वाचनालयाची पुस्तके यांची पाळी अजून यायची आहे.

आता जरा नाजूक विषय. मुले विश्वासू झाली की ती मोठ्यांनाही हिशेब विचारू लागतात आणि तिथे आपले सोंग उघडे पडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर मजल मारली. निम्मी सांगली पाण्यात. मिरजेच्या शाळांत, सभागृहांत, मंडळ्यांच्या हॉलमध्ये माणसे येऊन राहिली. राज्यभरातून मदतीचे टेम्पो येत होते. चादरी, मेणबत्त्या, बिस्किटे, सॅनिटरी पॅड, नको तेवढे जुने कपडे. एका हॉलमध्ये नोंदीची वही सहावीतल्या एका मुलीकडे होती. आले किती, गेले किती, कुणाला, आणि सही. एक प्रतिष्ठित गृहस्थ आले, चादरींच्या गठ्ठ्यातून दोन चांगल्या ओढल्या आणि निघाले. मुलगी म्हणाली, ‘काका, सही राहिली.’ गृहस्थ हसून म्हणाले, ‘अगं, तळे राखील तो पाणी चाखील.’ ती वही घेऊन त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. मग मात्र ते भडकले. लहान तोंडी मोठा घास, आईबापांनी वळण लावले नाही, वगैरे वगैरे. चादरी कदाचित खरोखरच कुणा गरजूसाठी असतील. पण सही केली असती तर काय बिघडले असते? वाईट याचे वाटले, की जमलेल्या मोठ्यांपैकी निम्मे लोक त्या मुलीलाच ‘जाऊ दे गं’ म्हणत होते. एक बाई तेवढ्या पुढे झाल्या, त्यांनी त्या गृहस्थांच्या नावापुढे मुलीला ‘चादरी दोन, सही नाही’ असे लिहायला लावले. वही पुढे कुणाकुणाला दाखवली गेली ते मला माहीत आहे, पण ते असो.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात काही गैर आहे असे मुलांना वाटतच नाही. मला ती घरात चालत नाही.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, अशीही एक समजूत मंडळ्यांमध्ये आहे. बायबलात तसे नाही. राजांच्या त्याच दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय बघा. यरुशलेमात योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे येत होते, पण राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांनी, डागडुजी केलीच नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत. एकटा कुणीच मोजत नसे. पुढे त्याच अध्यायात आहे, की ज्यांच्या हाती कामगारांची मजुरी द्यायला पैसे दिले जात त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ती माणसे सचोटीने वागत. म्हणजे ही मोकळीक मिळते, पण कमवावी लागते. नव्या करारातल्या पौल प्रेषितानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही, कुणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसे घेतली. आमच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांच्या अर्पणाची थैली आता दोन मुले मिळून मोजतात आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या रविवारपर्यंत राहतो. पूर्वी ती थैली कुठे जाते हे मुलांनी विचारले नव्हते. आता विचारतात, आणि यंदा त्यातून काय घ्यायचे यावर त्यांची रीतसर वादावादी झाली. चटया जिंकल्या, क्रिकेटची बॅट हरली.

काही उपदेशक हल्ली मुलांना सांगतात, दहा टाका, देव शंभर देईल. सांगलीच्या माणसाला याचे वेगळे नाव सांगायला नको, आकडा लावणे ते हेच. मुलांना हे शिकवणाऱ्याला मी वर्गात उभे करणार नाही, मग त्याचा आवाज कितीही गोड असो.

पैशावरच अडकू नये म्हणून पाण्याचे एक सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरज जंक्शनमधून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी (वॅगन), सुमारे पाच लाख लिटर. आज वर्गात बसणाऱ्यांपैकी काही तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांना सांगितले तर खरे वाटत नाही, कारण मंडळीच्या आवारातला नळ दिवसभर टिपटिप गळत असतो. तो नळ आता पाचवीतल्या एका व्रात्य पोराच्या हवाली आहे. वायसर बदलायला तो मिस्त्रीकडून शिकला आणि आता आवारात कुणी नळ नीट बंद केला नाही तर त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. पाळकांनाही, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनाही, सुटका नाही.

शेवटी, ज्या कारणाने हे पत्र मुळात लिहायला बसलो ते. वर्गातल्या सातवीच्या एका मुलीने खाऊचे आणि बक्षिसाचे पैसे साठवले होते. स्वतःचे खाते काढायचे, स्वतःच्या सहीने भरायचे आणि स्वतःच काढायचे, अशी तिची फार हौस. वडील तिला घेऊन एका बँकेच्या शाखेत गेले. ‘अठरा वर्षांची झाल्यावर या, नाहीतर वडिलांच्या नावावर टाका,’ म्हणून काउंटरवरून परत पाठवले. वास्तविक भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्याने काढलेल्या सूचनांतही ती कायम आहे. रकमेची आणि सोयीसुविधांची मर्यादा ज्या त्या बँकेने ठरवायची आहे. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते काढता येते, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. ती मुलगी शेवटी तिकडेच गेली. पासबुक वडिलांच्या हातात देत नाही, असे तिच्या आईने मला हसत सांगितले.

शाळा सुरू होत आहेत. मुलांना खाते काढण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, सांगली-मिरजेतल्या कोणत्या बँका ही सोय देतात आणि मर्यादा किती ठेवतात, याची माहिती आपल्या दैनिकाने एका चौकटीत छापावी, ही विनंती. चौकट छापून आली तर तिची कात्रणे मी वर्गात वाटेन, आणि एक त्या काउंटरवरही नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
मिरज (जि. सांगली)